शर्यत, औषध आणि शंकरपट

यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीचा हंगाम ओसरूं लागला कीं गांवोगांवच्या शेतकऱ्यांना शंकरपटाचे वेध लागतात. दोन बैल, हलकी छकडी, वर धुरकरी, आणि सेकंदांत मोजलेलें यश! ७ मे २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें ह्या शर्यती बंद केल्या. महाराष्ट्रानें २०१७ सालीं कायदा दुरुस्त करून नियम घातले. १६ डिसेंबर २०२१ रोजीं न्यायालयानें मोकळीक दिली, आणि १८ मे २०२३ रोजीं घटनापीठानें तो कायदा मान्य केला. शर्यत १००० मीटरांहून लांब नसावी, चाबूक वा विजेचा धक्का वापरूं नये, बैलाला मद्य किंवा उत्तेजक औषध देऊं नये, असे हे नियम आहेत.

ह्यांतलें शेवटचें कलम लिहावयास सोपें, पाळून घेण्यास मात्र सर्वांत अवघड. चाबूक पंचांना दिसतो. पोटांतलें औषध दिसत नाहीं. घोड्यांच्या शर्यतींत हाच अनुभव पूर्वीं येऊन गेला आहे.

जनावराला मद्य देणें प्राचीन काळीं गैर समजत नसत. कौटिल्यानें घोड्याच्या खुराकांत सुराही सांगितली आहे. पण ती श्रमानंतरच्या पोषणासाठीं. पैज आली आणि त्याच घोटाचा अर्थ पालटला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडांत गेलेले, घोडे तयार करणारे कांहीं अमेरिकन लोक घोड्यांना कोकेनसारखीं द्रव्यें देऊं लागले. त्याविरुद्ध नियमच नव्हता! तेव्हां जॉर्ज लॅम्बटन ह्या नामांकित ट्रेनरनें, आगाऊ वर्दी देऊन, आपल्याच सुस्त घोड्यांना औषध दिलें. ते जिंकूं लागले. १९०३ सालीं जॉकी क्लबानें बंदी घातली. तरी पुरावा कोठून आणावा? १९१० च्या सुमारास व्हिएन्ना येथें रसायनशास्त्रज्ञांनीं घोड्याच्या लाळेंतून असलीं द्रव्यें ओळखून दाखविलीं, तेव्हां कोठें त्या बंदीला दांत फुटले.

अपराधही नेहमींच परदेशी बाटलींतून येतो असें नाहीं. २००८ च्या ऑलिंपिकांतील अश्वारोहणाचे सामने हाँगकाँगला झाले. तेथें चार घोडे कॅप्सायसिनपायीं बाद ठरले. कॅप्सायसिन म्हणजे मिरचीचा तिखटपणा. तें पायांना चोळलें कीं दुखणें दबतें, किंवा कातडी इतकी हुळहुळी होते कीं दांडीचा स्पर्श टाळण्यासाठीं घोडा पाय उंच उचलतो. वऱ्हाडांतल्या कोणत्या घरांत मिरची नाहीं?

बैलाची लंगड वा जखम पशुवैद्याच्या नजरेस पडेल. दबलेली कळ पडणार नाहीं, आणि तसा बैल दुखऱ्या पायानेंच धांवेल. जिंकलेल्या जोडीचें मूत्र प्रयोगशाळेंत तपासण्याची सोय पटाच्या खर्चांतच धरावयास हवी. मोठमोठीं बक्षिसें जाहीर करणाऱ्या मंडळींना तो खर्च जड जाऊं नये.