कुत्रा, भाकरी आणि काळी जीभ

आमच्या टीममधल्या एका मुलीने लॅब्रॅडॉरचं पिल्लू आणलं. घर कट्टर शाकाहारी. झालं, लंच टेबलावर लगेच दोन तट पडले. एक तट म्हणतो, "अगं, लांडग्याची औलाद ती, वरणभात काय घालतेस?" दुसरा म्हणतो, "आमच्या गावाकडची कुत्री पिढ्यान् पिढ्या भाकरतुकड्यावर जगली, त्यांना काय धाड भरली?" दोन्हीकडचा आत्मविश्वास बघून शनिवारी मी वाचायला बसलो आणि अख्खा वीकेंड त्यात गेला. जे सापडलं ते रंजक आहे, आणि खरं सांगायचं तर थोडं त्रासदायकही.

आधी गावाकडची बाजू घेऊ, कारण ती वाटते त्यापेक्षा भक्कम आहे. ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकातला रोमन लेखक वॅरो शेतीवरच्या पुस्तकात सांगतो की मेंढपाळाच्या कुत्र्याला जवाची भाकरी द्या, पण दुधात भिजवून. हाडंही द्या. मात्र मेलेल्या मेंढीचं मांस त्याच्या तोंडाला लागू देऊ नका, एकदा चटक लागली की तो कळपावरच उलटेल. म्हणजे मांस टाळायचं कारण अहिंसा नाही, धंदा! पुढच्या शतकातला कोलुमेला तर जवाचं पीठ आणि ताकाची निवळी सगळ्या कुत्र्यांना चालते म्हणतो. ते नसेल तर शिजवलेल्या घेवड्यासारख्या कडधान्याचं कोमट पाणी घालून केलेली गव्हाची भाकरी. आपल्याकडे नामदेवांची गोष्ट आहेच. कुत्र्याने पोळी पळवली, तर कोरडी कशी खाईल म्हणून हे तुपाची वाटी घेऊन मागे धावले. (तूप लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.)

या भाकरीच्या खुणा कुत्र्याच्या जनुकांमध्येही सापडल्या. स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या एरिक ॲक्सेलसन आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये कुत्रा आणि लांडगा यांचे जीनोम ताडून पाहिले. पिष्ट पचवणाऱ्या अमायलेजच्या जनुकाच्या लांडग्यात २ प्रती होत्या, कुत्र्यांत ४ ते ३०. आपल्या चुलीजवळ बसून बसून प्राणी आतून बदलला. तेव्हा 'लांडग्याची औलाद' हा मुद्दा निम्मा तरी निकालात निघाला.

पण पचणं वेगळं, जगणं वेगळं आणि धडधाकट राहणं वेगळं. गावाकडच्या कुत्र्याचा डाएट चार्ट कोणी ठेवला होता? भाकरीबरोबर तो उंदीर, उकिरडा, मेलेलं ढोर, काय काय खायचा. आणि प्रत्येक वितीतली किती पिल्लं दगावली हे कोणी मोजलं नाही.

मोजलं ते प्रयोगशाळांनी. इथून पुढचा भाग जरा जड आहे.

१८१६ मध्ये पॅरिसच्या फ्रांस्वा माझांदीने एका तीन वर्षांच्या गुटगुटीत कुत्र्याला फक्त शुद्ध साखर आणि उर्ध्वपातित पाणी दिलं. पहिला आठवडा मजेत गेला. मग तो खंगायला लागला, डोळ्याच्या बुबुळावर व्रण पडले, आणि ३२व्या दिवशी मेला. ऑलिव्ह तेल, डिंक, लोणी, एकेकटं देऊन पाहिलं, शेवट तोच. माझांदीचा निष्कर्ष होता की अन्नात नायट्रोजन असलेला पदार्थ, म्हणजे आजच्या भाषेत प्रथिनं, हवेतच. डोळ्यांच्या त्या व्रणांचं 'अ' जीवनसत्त्वाशी नातं असावं हे कळायला पुढे शंभर वर्षं लागली.

पहिल्या महायुद्धाच्या काळात लंडनमध्ये एडवर्ड मेलनबी मुडदुसाच्या मागे लागला. शहरातल्या गरीब मुलांचे पाय वाकत होते आणि कारण कळत नव्हतं. त्याने कुत्र्याची पिल्लं घरात बंद ठेवून दूध, पाव, ओटची लापशी अशा खाण्यावर वाढवली. वरून बघाल तर किती सात्त्विक आहार! पिल्लांचे पाय वाकले. ओटवर सगळ्यात जास्त. कॉड माशाच्या यकृताचं तेल दिलं की हाडं सुधारायची, आणि लोण्यानेही थोडा फायदा व्हायचा. (नामदेवांचं तूप आठवलं? :-) ) हे त्याने १९१९ मध्ये प्रसिद्ध केलं, त्यातूनच पुढे 'ड' जीवनसत्त्व हाती लागलं. आणखी एक गोष्ट नंतर कळली. आपल्या कातडीत उन्हाने 'ड' तयार होतं तसं कुत्र्याच्या कातडीत पुरेसं होत नाही. त्याला ते खाण्यातूनच मिळावं लागतं. गॅलरीत ऊन खात बसलेला मोती आनंदी असेल, पण त्याची हाडं त्यावर चालत नाहीत.

माझ्यासाठी या सगळ्यातली सर्वांत रोचक गोष्ट मात्र काळ्या जिभेची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिणेत मक्यावर जगणाऱ्या गरिबांत पेलाग्रा पसरला होता. कातडी सोलवटायची, जुलाब, भ्रम, मग मृत्यू. त्याच भागातल्या कुत्र्यांना 'ब्लॅक टंग' व्हायचा, तोंड आणि जीभ सडून काळी पडायची. १९१७ मध्ये येल विद्यापीठातल्या चिटेंडन आणि अंडरहिल यांनी कुत्र्यांना उकडलेले वाटाणे, गव्हाच्या बिस्किटांचा चुरा आणि सरकीचं तेल एवढ्यावर ठेवलं आणि तसाच आजार झाला. मांस दिलं की बरी व्हायची. जोसेफ गोल्डबर्गरने पुढे हा धागा पकडला आणि दाखवलं की मांसाचंच काम साध्या यीस्टनेही होतं. शेवटी १९३७ मध्ये विस्कॉन्सिनच्या कॉनराड एल्व्हेयेमने मरणपंथाला लागलेल्या कुत्र्यांना निकोटिनिक ॲसिड दिलं, आणि ती उठून खायला लागली. तेच आपलं नायासिन, ब-३.

आणि आता आपली ज्वारी. दख्खनच्या पठारावर ज्वारी खाणाऱ्या गरिबांतही पेलाग्रा दिसायचा. हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत (१९६९ पासूनची एनआयएन) भवानी बेळवडी आणि सी. गोपालन यांनी कुत्र्यांना ज्वारी असलेला आहार देऊन काळी जीभ निर्माण करून दाखवली. 'लॅन्सेट'मध्ये ते १९६५ मध्ये छापून आलं. त्यांचा संशय ज्वारीतल्या ल्युसीन या अमिनो आम्लावर होता. त्यावर नंतर बरीच वादावादी झाली. पण "भाकरीवर जगली, काय झालं?" या प्रश्नाचं एक उत्तर हैदराबादेत मिळालं होतं. ज्वारीच्या आहारावर ठेवलं तर हे होऊ शकतं.

मी दिवसभर सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे मला हे सगळं रिक्वायरमेंट आणि इम्प्लिमेंटेशनच्या भाषेत दिसलं. मांस हे इम्प्लिमेंटेशन आहे. रिक्वायरमेंट म्हणजे ठरावीक अमिनो आम्लं, काही मेदाम्लं, जीवनसत्त्वं, खनिजं. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च काउन्सिलने २००६ मध्ये कुत्र्यामांजरांच्या पोषणाचा जाडजूड ग्रंथ काढला, त्यातल्या गरजा अशाच पोषक घटकांत मांडल्यात. 'मटण' अशी ओळ त्यात नाही. अडचण एवढीच की मांसात बरीचशी यादी आयती येते, आणि मांस काढलं की एकेक ओळ आपल्याला हाताने भरावी लागते. बी-१२ तर वनस्पतींत जवळपास नाहीच, ते जिवाणू बनवतात. आज ते कारखान्यात बनतं म्हणून मांसाशिवायचं पूर्ण डॉगफूड शक्य झालं. ही यादी बनली कशी, तर मांसाशिवाय ठेवलेली कुत्री मरत होती तेव्हा शेजारी कोणीतरी वही घेऊन उभं होतं म्हणून. शाकाहारी डॉगफूडच्या पिशवीवर हिरवा ठिपका बघितला की मला आता तेच आठवतं.

ती यादी भरली तर चालतं का? २००९ मध्ये 'ब्रिटिश जर्नल ऑफ न्यूट्रिशन'मध्ये एक प्रयोग आला. शर्यतीत धावणारे १२ सायबेरियन हस्की, त्यातले निम्मे १६ आठवडे मांसविरहित आहारावर, त्यातल्या १० आठवड्यांत शर्यती. रक्ताचे रिपोर्ट दोन्ही गटांचे ठीक. २०२४ मध्ये १५ कुत्री वर्षभर वनस्पतिजन्य आहारावर तंदुरुस्त राहिल्याचं प्रसिद्ध झालं. त्याच वर्षी ब्रिटनच्या पशुवैद्यक संघटनेने नीट बनवलेल्या व्हीगन आहाराला असलेला आपला विरोध मागे घेतला. आकडे लहान आहेत, पण दिशा कळते.

उलटी बाजूही सांगितली पाहिजे. जुलै २०१८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने धान्यविरहित डॉगफूड आणि कुत्र्यांचं हृदय फुगण्याचा आजार, डीसीएम, यांच्या संबंधाची चौकशी जाहीर केली. त्या खाद्यांत वाटाणे, मसूर, बटाटे भरपूर होते. पण गंमत बघा, त्यातल्या बहुतेकांत मांसही होतं! ठाम कारण सिद्ध झालं नाही. म्हणजे 'मांस आहे की नाही' एवढ्यावर पिशवी निवडणारा दोन्हीकडून फसू शकतो.

आता माझं मत, विचारलं नसलं तरी. घरचा वरणभात म्हणजे शाकाहारी आहार नव्हे, तो अपुरा आहार. शिवाय आपल्या फोडणीतला कांदा-लसूण कुत्र्याला विषारी आहे, ते बऱ्याच घरांत माहीतच नसतं. मोठ्या, निरोगी कुत्र्याला 'पूर्ण आणि संतुलित' लिहिलेलं शाकाहारी खाद्य, वर्षातून एकदा रक्ततपासणी, डॉक्टरांना आधी विचारून, हे मला पटतं. वाढत्या पिल्लाच्या बाबतीत मी हा धोका पत्करणार नाही. मेलनबीची पिल्लंच होती. निदान अंडी, दूध, दही तरी चालू ठेवावं, आणि त्याबरोबर पिल्लांसाठीच बनवलेलं खाद्य.

आणि मांजर असेल तर हा लेख विसरा. ट्रिप्टोफॅनपासून नायासिन कुत्रा बनवू शकतो, मांजराला ते जवळपास जमत नाही. टॉरिन तिला बाहेरूनच लागतं, ते कमी पडलं तर हृदय निकामी होतं हे १९८७ मध्ये कळलं. तिच्या वाटीत मासा पडू द्या.