चकतीवरील कुलूप आणि इतिहासाची साधने

इ. स. १९७८ मध्ये ॲपल कंपनीने ‘डिस्क टू’ हे फ्लॉपी-यंत्र विक्रीस आणले. स्टीव्ह वॉझ्नियॅक यांच्या या काटकसरी रचनेत बरेचसे नियंत्रण आज्ञावलीकडे सोपविलेले असल्याने चकतीवरील ३५ वर्तुळमार्गांची मांडणी बदलता येई. प्रकाशकांनी याचाच लाभ घेतला. विभागारंभीच्या खुणा बदलल्या, दोन मार्गांच्या मधोमध मजकूर लिहिला. परिणामी नेहमीच्या नकल-आज्ञावलीस चकती वाचता येईना. १९८१ मध्ये ‘लॉकस्मिथ’ने या कुलपांवर किल्ली शोधली. तथापि चुंबकीय लेप कालांतराने झिजतो. म्हणून नकलेस केलेला प्रतिबंध जतनासही प्रतिबंध ठरला. अनेक कृती कुलूप तोडलेल्या प्रतींतूनच टिकल्या. त्यांत मूळ पाठ कितपत अबाधित आहे, हे हस्तलिखितांप्रमाणेच पाठचिकित्सेने तपासणे अभ्यासकांस क्रमप्राप्त आहे.