गेलेली राजधानी

१९५६ साली नागपूरचे राजधानीपण गेले, याची हळहळ आमचे आजोबा अखेरपर्यंत करीत. परवा शाळेची मुले घेऊन नगरधनला गेलो, तेव्हा ती आठवली. रामटेकजवळचे हे झाडीतले खेडे म्हणजे वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन! पाचव्या शतकाच्या आरंभी विधवा प्रभावतीगुप्ता अल्पवयीन पुत्राच्या नावे येथून राज्य चालवी. बाई मानी असावी. तिच्या ताम्रपटात वंशावळ आहे ती माहेरच्या गुप्तांची. २०१५ नंतरच्या उत्खननात तिच्या नावाची मातीची मुद्रा निघाली. वजन अवघे सहा-साडेसहा ग्रॅम.

चिंचेखाली आम्ही डबे सोडले.

“राजधानी कुठे आहे, सर?” एका मुलीने विचारले.

“तिच्यावरच तर बसलो आहो!”

पोरगी चटकन उठून उभी राहिली.