बसमधली जागा मिळाली, मग बसच काढून घेतली

रोझा पार्क्स यांनी १ डिसेंबर १९५५ रोजी माँटगोमेरीच्या बसमध्ये गोऱ्या प्रवाशासाठी जागा सोडायला नकार दिला, हे आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला ठाऊक आहे. १९५७ मध्ये त्या डेट्रॉईटला राहायला गेल्या. त्या शहराच्या बसचे पुढे काय झाले, हे मात्र आपण फारसे वाचत नाही.

डेट्रॉईट आणि भोवतालची उपनगरे यांच्यासाठी १९६७ मध्ये एक प्रादेशिक परिवहन संस्था स्थापन झाली. पण शहराची बस वेगळीच राहिली आणि १९८९ पासून 'स्मार्ट' या नावाने ही संस्था मुख्यतः उपनगरांची उरली. १९९५ मध्ये तिच्यासाठी मालमत्ता कर आला. वेन आणि ओकलंड या काउंट्यांतील गावा-शहरांना मात्र बाहेर राहण्याची मुभा मिळाली. बाहेर राहा, कर नाही, बस नाही.

२००० च्या जनगणनेत डेट्रॉईटचे ८१ टक्क्यांहून अधिक रहिवासी काळे होते आणि शेजारच्या लिव्होनियाचे ९५ टक्के गोरे. २४ ऑक्टोबर २००५ रोजी पार्क्स यांचे डेट्रॉईटमध्ये निधन झाले. त्यांच्या सन्मानार्थ तिथल्या बसमधल्या पुढच्या जागा काळी फीत बांधून रिकाम्या ठेवल्या गेल्या. त्यानंतर काही दिवसांतच, नोव्हेंबरमध्ये, लिव्होनियाच्या मतदारांनी 'स्मार्ट'मधून बाहेर पडण्याचा कौल दिला.

बाहेर पडणाऱ्यांचा युक्तिवाद साधा असतो : आमच्याकडे गाड्या आहेत, बस रिकाम्या धावतात, मग कर का भरायचा? प्रत्येक मतदार वर्णद्वेषी होता, असे आम्ही म्हणत नाही. पण मतदान कुणी केले आणि फटका कुणाला बसला, हे विचारावेच लागते. डेट्रॉईटहून लिव्होनियात कामाला येणाऱ्या बिनगाडीच्या मजुराला तिथे मत नव्हते. शिवाय बसमार्ग ही साखळी असते. मधली कडी काढली की पलीकडचा माणूसही अडकतो.

आपल्याला हे नवे नाही. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव केला. १९२७ च्या मार्चमध्ये बाबासाहेबांनी सत्याग्रह केल्यावर त्याच नगरपालिकेने ऑगस्टमध्ये तो ठराव मागे घेतला. तोही 'स्थानिक निर्णय'च होता! तळे आणि बस एक नव्हेत, पण प्रश्न एकच आहे : सार्वजनिक गोष्टीतून कुणाला वगळायचे, हे ज्याची गरज भागली आहे त्याने ठरवायचे का?

ओकलंड काउंटीने नोव्हेंबर २०२२ मध्ये याचे उत्तर दिले. मतदारांनी संपूर्ण काउंटीसाठी एकच परिवहन कर मंजूर केला आणि तिथली बाहेर राहण्याची मुभा संपली. ती संपवता येते, कारण ती निसर्गाने नव्हे, माणसांच्या मतांनी दिलेली असते.

म्हणून 'स्थानिक स्वायत्तता' हा शब्द ऐकताच टाळ्या वाजवू नका. त्या स्थानिकांत आपला माणूस मोजला आहे का, हे आधी विचारा.

जय भीम!