गुठळीनंतरची घटिका

त्याआधी
चेतापेशीच्या आत मोकळं कॅल्शियम बाहेरच्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी कमी असतं. ते तसं राखायला एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, लागतं. आलेलं कॅल्शियम पंप बाहेर तरी फेकतात, नाहीतर आंतर्द्रव्यजालिकेच्या साठ्यात भरतात. या साठ्यावर दोन दारं आहेत: रायनोडीन ग्राही आणि आयपी३ ग्राही. पेशीच्या पटलातल्या चॅनेलमधून थोडं कॅल्शियम आत आलं, की रायनोडीन ग्राही उघडून साठ्यातलं आणखी सोडतो. एरवी हे क्षणभरच चालतं. शिकण्याला, लक्षात ठेवण्याला त्याचा हातभार लागतो, आणि घात होतो तोही याच वाटेने.

० मिनिट
मेंदूच्या मोठ्या धमनीत गुठळी अडकते. हात जड होतो, तोंड वाकडं होतं.

पहिली काही मिनिटं
जिथे रक्त जवळजवळ पोहोचतच नाही, तिथे एटीपी संपतं. सोडियम-पोटॅशियम पंप थांबतो, पटलावरचा विद्युतभार ढासळतो आणि त्या भारावर चालणारी कॅल्शियम चॅनेल उघडतात. चेताटोकांतून ग्लुटामेट हे संदेशद्रव्य सांडतं. त्याच्या एनएमडीए या ग्राहीला एरवी मॅग्नेशियमचं बूच असतं, ते भार ढासळताच निघतं आणि तिथूनही कॅल्शियम घुसतं. ग्लुटामेटच्याच दुसऱ्या ग्राहींमुळे पेशीत आयपी३ तयार होतं आणि तेही साठा उघडतं. बाहेरून आलेलं कॅल्शियम आतल्याला बोलावतं. परत भरणाऱ्या पंपांना मात्र एटीपी उरलेलं नसतं.

पहिला तास
कॅल्शियमने जागी झालेली कॅल्पेन ही विकरं पेशीचा सांगाडा तोडू लागतात. जादा कॅल्शियम गिळून तंतुकणिका फुगतात. मधला भाग हातचा जातो, पण भोवतीच्या काठावर थोडं रक्त पोहोचतं आहे, तिथल्या पेशी गप्प झाल्या तरी जिवंत आहेत. वाचवायच्या आहेत त्या याच. विद्युतभार ढासळण्याच्या लाटा त्यांच्यावर पुन्हा पुन्हा येतात आणि दर लाटेला कॅल्शियम आत शिरतं. मोठी धमनी बंद असताना मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी जातात, असा २००६ सालचा अंदाज आहे. घरात मात्र कुणीतरी म्हणत असतं, "जरा पडून राहा, बरं वाटेल." हे वाक्य कुणीही बोलू नये, असं मला फार मनापासून वाटतं.

साडेचार तास
गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनची नेहमीची मुदत. १९९५च्या चाचणीत ती तीन तासांची होती, २००८मध्ये वाढली. मग गुठळीऐवजी कॅल्शियमलाच का अडवू नये? निमोडिपिन हे औषध वापरून तेही करून पाहिलं, पण गुठळीच्या पक्षाघातात अपेक्षित फायदा दिसला नाही. माझ्या मते त्यात नवल नाही. ते औषध एका जातीचं चॅनेल बंद करतं, एनएमडीए आणि साठ्याची दारं उघडीच राहतात. शिवाय ते पोहोचेपर्यंत बराच उशीर झालेला असतो.

२४ तास
काठ अजून तगून आहे असं स्कॅनमध्ये दिसलं, तर निवडक रुग्णांची गुठळी नळी घालून काढता येते.

दुसरा ते चौथा दिवस
रक्त परत आलं तरी धोका संपत नाही. ताकाआकी किरिनो यांनी १९८२मध्ये जर्बिल या उंदरासारख्या प्राण्यांच्या मेंदूचं रक्त पाच मिनिटं थांबवून पुन्हा सुरू केलं. हिप्पोकॅम्पसच्या सीए१ भागातल्या पेशी पहिल्या दिवशी जवळपास धडधाकट दिसत होत्या. चौथ्या दिवसापर्यंत त्यांतल्या बहुतेक मेल्या.