वीज, डिस्क आणि घड्याळ : पिंपरी-चिंचवड पट्ट्याच्या संदर्भात युनिक्स प्रशासनाच्या व्यावहारिक ज्ञानाचा इतिहास

प्रस्तावना

पिंपरी-चिंचवड औद्योगिक पट्ट्याचा इतिहास लिहिताना अभ्यासकांनी १९५४ मध्ये पिंपरी येथे स्थापन झालेली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, पुढे आलेले टेल्को व बजाज ऑटो यांचे कारखाने, औद्योगिक विकास महामंडळाचे भूसंपादन, कामगार चळवळ आणि १९८२ मध्ये अस्तित्वात आलेली महानगरपालिका यांची योग्य दखल घेतलेली आहे. लेथवरचा कारागीर, फाउंड्रीतला कामगार आणि लघुउद्योजक या इतिहासात दिसतात. कारखान्याच्या संगणककक्षात सर्व्हर सांभाळणारा सिस्टीम प्रशासक मात्र त्यात जवळजवळ आढळत नाही. त्याचे काम नीट झाले तर काहीच घडत नाही, आणि काही न घडण्याची नोंद सहसा कोणी ठेवत नाही.

या व्यवसायातील ज्ञान बव्हंशी छोट्या छोट्या सूचनांच्या रूपाने एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे गेलेले आहे. ‘बंद करण्यापूर्वी तीनदा सिंक दे’, ‘एकदम नऊ नंबरचा सिग्नल पाठवू नकोस’, ‘डिस्क पूर्ण भरू देऊ नकोस’ अशा स्वरूपाची ही वचने आहेत. प्रस्तुत लेखात अशा काही सूचनांकडे ऐतिहासिक साधने म्हणून पाहण्याचा प्रयत्न केलेला आहे. प्रत्येक सूचनेच्या मुळाशी त्या काळच्या यंत्राची, विजेची किंवा संस्थेची एखादी मर्यादा असते. मर्यादा नाहीशी झाल्यावरही सूचना टिकून राहते आणि तिचे कारण विसरले जाते. कारण हरवलेली सूचना पाळणे व तिला निरर्थक समजून टाकून देणे, या दोहोंतही सारखाच धोका असतो.

युनिक्सचे आगमन

युनिक्सचा जन्म १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांच्या हातून झाला. १९७१ च्या नोव्हेंबरमध्ये तयार झालेल्या तिच्या पहिल्या मॅन्युअलमध्ये प्रत्येक आज्ञेच्या वर्णनाखाली तिच्यातील ज्ञात दोष सांगण्याची सोय होती. उत्पादकाने स्वतःच्या वस्तूचे दोष स्वतःच्याच पुस्तिकेत छापण्याचा हा प्रघात इतर उद्योगांत फारसा आढळत नाही. प्रशासकांची पुढची सारी नोंदपरंपरा याच वळणाची आहे.

भारतात युनिक्सचा मार्ग काहीसा धोरणांनी आखून दिला. १९७८ मध्ये आयबीएमने भारतातील व्यवसाय गुंडाळला. ती पोकळी एचसीएल, विप्रो, डीसीएम यांसारख्या देशी कंपन्यांनी भरून काढली. एकाच उत्पादकाच्या यंत्राशी जखडलेली नसलेली युनिक्स अशा कंपन्यांना सोयीची होती. १९८४ चे संगणक धोरण आणि त्याच सुमारास आलेला बँकांच्या यांत्रिकीकरणाविषयीचा रंगराजन समितीचा अहवाल यांनंतर बँकांच्या संगणकखरेदीतही युनिक्सला स्थान मिळाले. कारखान्यांत ती दोन दारांनी आली. एक अभिकल्पाचे दार : कॅटियाच्या चौथ्या आवृत्तीसारख्या आरेखन-प्रणाली युनिक्स वर्कस्टेशनवर चालत. दुसरे हिशेबाचे : १९९२ मध्ये आलेली सॅपची आर-३ ही प्रणाली आरंभी युनिक्स सर्व्हरसाठीच पुढे आली. सुट्या भागांचा साठा व पाठवणी सर्व्हरवर अवलंबून राहू लागली, तेव्हा संगणककक्षातील बिघाड थेट जुळणीच्या साखळीपर्यंत पोहोचू लागला.

पुण्यात याच वेळी प्रगत संगणन विकास केंद्राची, म्हणजे सी-डॅकची, १९८८ मध्ये स्थापना झाली. सी-डॅकचा १९९८ चा परम १०००० सोलारिसवर चालत असे आणि २००३ चा परम पद्म एआयएक्सवर. २००७ च्या नोव्हेंबरमध्ये जगात चौथ्या क्रमांकावर आलेला टाटा समूहाच्या पुण्यातील प्रयोगशाळेचा ‘एक’ हा महासंगणक मात्र लिनक्सवर चालणारा होता. एका दशकात एकाच शहरात झालेले हे स्थित्यंतर जगातील स्थित्यंतराचेच लहान चित्र होय.

विजेचा खंड आणि फाइल सिस्टीम

युनिक्स प्रशासकाचे सर्वांत जुने भय विजेचे आहे. वेग साधण्यासाठी युनिक्स लिहावयाचा मजकूर तत्काळ डिस्कवर न लिहिता काही काळ स्मृतीत ठेवते. जुन्या प्रणालींत तो साधारणतः दर ३० सेकंदांनी डिस्कवर उतरविला जाई. मधल्या काळात वीज गेली तर डिस्कवरील नोंदी परस्परांशी जुळत नाहीत. ‘सिंक’ ही आज्ञा स्मृतीतील मजकूर डिस्ककडे रवाना करते. परंतु जुन्या युनिक्समध्ये ती लेखन पूर्ण होण्याची वाट न पाहताच परत येत असे. म्हणून ती तीनदा, प्रत्येक वेळी नव्या ओळीवर टंकित करावयाची. दुसऱ्या व तिसऱ्या वेळच्या टंकलेखनात जे क्षण जात, तेवढ्यात डिस्क आपले काम उरकत असे. पुढील पिढीने तिन्ही आज्ञा अर्धविरामांनी जोडून एकाच ओळीत लिहावयास सुरुवात केली आणि सूचनेतील प्राणच गेला. उपयोग मधल्या विलंबाचा होता, आज्ञेच्या संख्येचा नव्हे.

वीज गेल्यानंतरची दुरुस्ती प्रथम अनेक सुट्या साधनांनी व पुष्कळशा हस्तकौशल्याने होत असे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस टेड कोवाल्स्की यांनी बेल प्रयोगशाळेत ‘एफएससीके’ हा तपासणीचा कार्यक्रम रचला. तो पाच टप्प्यांत ब्लॉक, मार्गनामे, जोडणी, संदर्भसंख्या व मोकळ्या जागेची यादी तपासतो आणि ज्या फाइलींचा पत्ता हरवलेला आहे त्यांना ‘लॉस्ट-प्लस-फाउंड’ या निर्देशिकेत ठेवतो. ही निर्देशिका आधीच तयार, तीही पुरेशा रिकाम्या जागांसह, असावी लागे. कारण बिघडलेल्या डिस्कवर नवी जागा मागणे म्हणजे बिघाडात भर घालणे. याच कारणास्तव प्रथम ‘नाही’ या पर्यायाने केवळ पाहणी करावी, माउंट केलेल्या फाइल सिस्टीमवर हा कार्यक्रम चालवू नये आणि प्रत्येक प्रश्नास डोळे मिटून ‘होय’ म्हणू नये, असे शिकविले जाते.

सिस्टीम पाचच्या जुन्या फाइल सिस्टीममध्ये सुपरब्लॉक, म्हणजे साऱ्या मांडणीची मूळ नोंद, एकच असे. बर्कली येथे १९८३ च्या सुमारास आलेल्या नव्या रचनेत तिच्या प्रती डिस्कभर विखुरलेल्या ठेवल्या गेल्या, आणि पहिली प्रत बिघडल्यास ३२ व्या ब्लॉकवरील प्रत वापरून तपासणी करता येऊ लागली. फाइल सिस्टीम तयार होताना या प्रतींचे क्रमांक पडद्यावर उमटत. ते कागदावर उतरवून यंत्राच्या दारावर चिकटवावेत अशी जुनी सूचना आहे. संगणकाच्या युगात कागद कशाला, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ज्या डिस्कवर ते क्रमांक साठविले असतील तीच डिस्क वाचता येत नसते.

हा सारा विषय या पट्ट्यात केवळ पुस्तकी राहिला नाही. भोसरी-पिंपरी औद्योगिक परिसराची साप्ताहिक सुटी गुरुवारी असते, आणि तिचा संबंध विजेच्या मागणीची आठवड्यात विभागणी करण्याशी आहे. सर्व्हर बंद ठेवून करावयाच्या कामांना साहजिकच हाच दिवस सोयीचा. २००१ मध्ये दाभोळ प्रकल्पाची निर्मिती थांबली आणि पुढील वर्षांत राज्यात भारनियमन तीव्र झाले. २००६ मध्ये पुणे व पिंपरी-चिंचवडसाठी जो ‘पुणे पॅटर्न’ अमलात आला, त्यात उद्योगांनी आपली डिझेल जनित्रे चालवून ग्रिडवरील भार कमी करावयाचा आणि त्याचा वाढीव खर्च ग्राहकांकडून आकारावयाचा अशी योजना होती. शहरास दिलासा मिळाला. प्रशासकाच्या दृष्टीने मात्र ग्रिड, यूपीएस व जनित्र असे तीन पुरवठे आणि त्यांमधील सांधे निर्माण झाले, व बिघाड बहुधा सांध्यावरच होतो. बंद करताना प्रथम उपयोजन, मग डेटाबेस, शेवटी फाइल सिस्टीम. सुरू करताना नेमका उलटा क्रम. आणि यूपीएसची चाचणी रिकाम्या नव्हे, प्रत्यक्ष भारावर, हे नियम अशा परिस्थितीत केवळ शिस्तीचे राहत नाहीत.

दुरुस्तीचे तास वाचविणारा उपाय पुढे जर्नलच्या रूपाने आला. बदल करण्यापूर्वी त्याची नोंद वेगळ्या वहीत करावयाची, म्हणजे खंडानंतर संपूर्ण डिस्कऐवजी ती वहीच तपासली की पुरते. आयबीएमच्या एआयएक्समध्ये व वेरिटासच्या फाइल सिस्टीममध्ये ही पद्धत १९९० च्या आसपास आली. लिनक्सच्या मुख्य प्रवाहात एक्स्ट-३ द्वारा २००१ मध्ये. वेरिटासचे मोठे विकासकेंद्र पुण्यातच होते, ही बाब स्थानिक इतिहासलेखनात सहसा उल्लेखिली जात नाही. विजेच्या खंडाने गांजलेले सर्व्हर आणि त्या खंडावरील औषध घडविणारे अभियंते एकाच शहरात होते.

भरलेली डिस्क, अडलेली प्रक्रिया

‘डीएफ’ डिस्क भरल्याचे सांगते, ‘डीयू’ने मोजलेली बेरीज मात्र निम्मीही भरत नाही, हे कोडे प्रत्येक नव्या प्रशासकापुढे कधी ना कधी उभे राहते. उत्तर युनिक्सच्या मूळ रचनेत आहे. नाव पुसल्याने फाइल नष्ट होत नाही. एखाद्या प्रक्रियेने ती उघडी ठेवलेली असेल तर शेवटची प्रक्रिया ती सोडेपर्यंत जागा अडून राहते. वाढलेला लॉग घाईने पुसणाऱ्यास म्हणून एक बाइटही परत मिळत नाही. ‘एलएसओएफ’ने धारक प्रक्रिया शोधून ती पुन्हा सुरू करावी, किंवा मुळातच लॉग न पुसता रिकामा करावा. जागा शिल्लक असूनही फाइल तयार होत नसेल, तर आयनोड संपले आहेत काय ते पाहावे. बर्कलीच्या रचनेत सुमारे १० टक्के जागा राखीव असे. तिचा एक लाभ असा, की सामान्य वापरकर्त्यांची जागा संपल्यानंतरही प्रशासकास काम करता येते. ती उधळपट्टी समजून शून्यावर आणणारे पुढे पस्तावतात.

नऊ क्रमांकाच्या सिग्नलविषयीची सूचनाही अशीच सकारण आहे. १५ क्रमांकाचा सिग्नल प्रक्रियेस आवराआवर करण्याची संधी देतो, नऊ ती देत नाही. डेटाबेसची प्रक्रिया अशा रीतीने मारल्यास तिची सामायिक स्मृती मागे राहते आणि डेटाबेस पुन्हा सुरू होण्यास नकार देतो. मूळ बिघाडापेक्षा उपायाचा बिघाड मोठा ठरल्याची उदाहरणे या व्यवसायात थोडी नाहीत.

घड्याळ आणि रात्रपाळी

युनिक्सचा काळ १ जानेवारी १९७० च्या ग्रीनिच मध्यरात्रीपासून मोजला जातो. भारतात तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजलेले होते. स्थानिक वेळ सांगणाऱ्या चलात ग्रीनिचच्या पश्चिमेस धन व पूर्वेस ऋण चिन्ह देण्याचा संकेत आहे. भारतीय वेळ म्हणून ‘आयएसटी’पुढे उणे ५:३० लिहावे लागते. नकाशाच्या सवयीने उणे गाळले, की घड्याळ ११ तास मागे जाते आणि पहाटेचा बॅकअप ऐन दुपारी सुरू होतो.

भारतात उन्हाळी वेळ नसल्याने येथील सर्व्हर वर्षातून दोनदा घड्याळ बदलण्याच्या कटकटीतून सुटले, येथील प्रशासक मात्र सुटले नाहीत. हिंजवडीचे माहिती तंत्रज्ञान उद्यान वाढत गेले, तशी पवनेच्या पश्चिमेकडील रहाटणी, पिंपळे सौदागर व वाकड ही गावे शेतीकडून सदनिकांकडे वळली. या वस्तीत पाश्चात्त्य ग्राहकांचे सर्व्हर दुरून सांभाळणारा, रात्रपाळी करणारा एक वर्ग राहू लागला. २००७ मध्ये अमेरिकेने उन्हाळी वेळेचा आरंभ मार्चच्या दुसऱ्या रविवारी आणला, तेव्हा जगभरातील सर्व्हरांच्या वेळतक्त्यांची दुरुस्ती करावी लागली. कारखान्याच्या प्रशासकास जुळणीची साखळी डोळ्यांसमोर दिसत होती; दूरस्थ प्रशासकास फक्त तिकिटाचा क्रमांक दिसतो. निदानाच्या दृष्टीने ही मोठी हानी होय, कारण यंत्राचे नेहमीचे वागणे ठाऊक असल्याखेरीज त्याचे बिघडणे ओळखता येत नाही. १९८६ मध्ये क्लिफर्ड स्टॉल यांना ७५ सेंटच्या हिशेबी तफावतीवरून बर्कली येथील घुसखोराचा माग लागला. २०२४ च्या मार्चमध्ये आंद्रेस फ्रॉइंड यांना लॉगिनला लागणाऱ्या अर्ध्या सेकंदाच्या जादा वेळेवरून एक्सझेड या संपीडन-साधनातील चोरवाट सापडली. दोघांकडेही विशेष उपकरण नव्हते. नेहमीचे काय, हे त्यांना माहीत होते.

अध्यापन आणि नोंदी

महाविद्यालयीन अभ्यासक्रमात युनिक्स आली ती आज्ञांच्या यादीच्या रूपाने. मॉरिस बाख यांचा १९८६ चा ग्रंथ अंतर्रचना शिकवितो, नागपूरचे यशवंत कानेटकर यांच्या पुस्तकाने शेल-लेखन अनेकांच्या हाती दिले. परंतु प्रात्यक्षिक परीक्षेत विद्यार्थ्यास मुद्दाम बिघडविलेले यंत्र देऊन निदान करावयास सांगितल्याचे क्वचितच आढळते. वैद्यकीय शिक्षणात रुग्णाशिवाय परीक्षा कल्पिता येत नाही, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. आता आभासी यंत्रे फुकट निर्माण करता येत असल्याने, भरलेली डिस्क, चुकलेले कालक्षेत्र किंवा बिघडलेला सुपरब्लॉक असलेले यंत्र प्रत्येक विद्यार्थ्यास देणे अवघड राहिलेले नाही.

कारखान्यांतील नोंदवह्यांचा प्रश्न अधिक निकडीचा आहे. कोणते यंत्र केव्हा, का बंद पडले व काय केल्याने सुरू झाले, याच्या हस्तलिखित वह्या सर्व्हर बदलताना जुन्या यंत्रांबरोबर भंगारात जातात. त्यांना अभिलेख मानण्याची रीत आपल्याकडे नाही. त्या गोळा करणे परिसरातील महाविद्यालयांना अल्प खर्चात शक्य आहे, आणि त्यांचा उपयोग केवळ इतिहासकारास होणार नाही. सेकंद मोजणारा ३२ बिटांचा जुना काउंटर १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी भरेल. तो दिवस मंगळवार आहे, म्हणजे कारखान्यांच्या सुटीचा नव्हे. ६४ बिटांच्या सर्व्हरांवरील हा प्रश्न बव्हंशी सुटलेला असून ३२ बिटांच्या लिनक्ससाठीही २०२० च्या ५.६ आवृत्तीपासून तरतूद झालेली आहे. उरतात ती यंत्रांच्या पोटात बसविलेली, एकदा लावून विसरलेली नियंत्रके. ती कोणत्या शेडमध्ये, कोणत्या आवृत्तीवर चालत आहेत, हे ज्या वह्यांत लिहिलेले असेल त्या अद्याप कपाटात आहेत की नाहीत, याची पाहणी झालेली नाही.