खूण पाहिली, दृष्टी राहिली

१८६६ साली जॉन लँग्डन डाऊन या इंग्रज डॉक्टरांनी एक निबंध प्रसिद्ध केला. ते अर्ल्सवुड येथील मतिमंदांच्या संस्थेचे प्रमुख होते. तेथील काही मुलांचे चेहरे एकमेकांशी विलक्षण जुळतात, हे त्यांचे निरीक्षण अचूक होते. पण डोळ्यांच्या तिरप्या ठेवणीसारख्या लक्षणांवरून त्यांनी या मुलांचे नाते मंगोल वंशाशी जोडले, ते साफ चुकीचे होते.

१९२४ मध्ये टॉमस ब्रशफील्ड यांनी या मुलांच्या बुबुळांवरील पांढुरक्या ठिपक्यांचे वर्णन केले. ठिपके निरुपद्रवी, इतर बाळांतही ते आढळतात. खरे कारण १९५९ मध्ये पॅरिसला लेज्यून, गोतिए आणि त्युर्पां यांनी दाखवले: एकविसाव्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती. १९६५ मध्ये मंगोलियाच्या विनंतीवरून जागतिक आरोग्य संघटनेने जुने वंशवाचक नाव सोडले.

म्हणजे शतकभर आपण या डोळ्यांकडे ओळखीची खूण म्हणून पाहिले. त्यांना दिसते का, हा प्रश्न मोजक्या डॉक्टरांनीच विचारला.

प्रश्न गंभीर होता. जन्मजात मोतीबिंदू या बाळांत इतरांपेक्षा कितीतरी अधिक आढळतो. क्वचित काचबिंदू, तर पुष्कळांत तिरळेपणा, डोळे थरथरणे किंवा मोठा नंबर असतो. मोतीबिंदूबाबत घाई का करायची? ह्यूबेल आणि वीझेल यांनी १९६० च्या दशकात मांजरीच्या पिलांचा एक डोळा काही आठवडे बंद ठेवला. उघडल्यावर डोळा शाबूत होता, पण मेंदू त्याची दखल घेईना. या संशोधनाला १९८१ चे नोबेल मिळाले. पाहायला शिकण्याचा काळ मर्यादित असतो. म्हणून दाट मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पहिल्या काही आठवड्यांतच करावी लागते.

प्राथमिक तपासणी सोपी आहे. हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ मध्ये पुढे आणलेल्या नेत्रदर्शकातून बाहुलीत प्रकाश टाकला, की निरोगी डोळ्यातून तांबूस चमक परत येते. ती न दिसल्यास बाळाला लगेच नेत्रतज्ज्ञाकडे न्यावे. दिसली, तरी सहा महिन्यांच्या आत पूर्ण तपासणी व्हावी.

शाळेतही हा प्रश्न संपत नाही. यांपैकी बहुतेक मुलांची नजर जवळच्या वस्तूवर नीट स्थिरावत नाही, हे कार्डिफ येथील मार्गारेट वुडहाऊस यांच्या गटाने १९९० च्या दशकात दाखवले. बायफोकल चष्म्याने पुष्कळांना फायदा होतो. असे मूल पुस्तकात लक्ष देत नसेल, तर त्याची बुद्धी मोजण्याआधी आपण त्याची नजर तपासून घेऊ.